पाथुरे गिर्जा : हलवलेल्या दगडांचे आवार

कोलकात्यातील राज्यपालांच्या निवासस्थानापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर सेंट जॉन्स चर्च उभे आहे. बंगाली लोक त्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘पाथुरे गिर्जा’ म्हणजे दगडी चर्च म्हणत आले. गंगेच्या गाळावर वसलेल्या या शहरात दगड मिळत नाही. जुन्या कोलकात्याच्या बहुतेक इमारती विटा आणि चुन्याच्या. त्यामुळे दगड वापरून बांधलेले प्रार्थनामंदिर हे त्या काळी अप्रूपच होते. हा दगड आला तो मालदा जिल्ह्यातील गौर या मध्ययुगीन राजधानीच्या भग्नावशेषांतून. एके काळच्या सुलतानांच्या नगरीचा दगड नदीमार्गे आणून कंपनी सरकारने आपले चर्च सजवले.

या वास्तूची आणि तिच्या भोवतालच्या दफनभूमीची खरी ओळख इथूनच सुरू होते. या आवारातील अनेक दगड मूळचे दुसरीकडचे आहेत. कुणी ते उचलले, कुणी आणले, कुणी बाजूला सारले. आणि प्रत्येक वेळी ते करणाऱ्याच्या मनात भूतकाळाविषयीची एक विशिष्ट कल्पना होती. थडग्यांवरचे लेख वाचताना ‘हे कोणाचे’ एवढेच विचारून भागत नाही. ‘हे इथे कोणी आणि केव्हा ठेवले’ हेही विचारावे लागते.

दफनभूमी ही चर्चपेक्षा जवळजवळ शतकभराने जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा दलाल जॉब चार्नोक २४ ऑगस्ट १६९० रोजी हुगळीच्या काठी सुतानुटी येथे तिसऱ्यांदा उतरला आणि या वेळी तिथेच राहिला. अडीच वर्षांच्या आत तो वारला. त्याच्या शिळेवर मृत्यूचा दिनांक १० जानेवारी १६९२ असा आहे. इंग्रजांचे वर्ष त्या काळी मार्चअखेरीस बदलत असे, म्हणून आजच्या गणनेने ते १६९३ साल ठरते. त्याचा जावई चार्ल्स आयर याने १६९५ च्या सुमारास त्याच्या कबरीवर अष्टकोनी घुमटी उभारली. कोलकात्यात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या इंग्रज बांधकामांत तिची गणना होते. घडण मात्र इंग्रजी कमी आणि मुसलमानी मकबऱ्याची अधिक वाटते. परक्या भूमीत दीर्घकाळ राहून आता हा पथिक आपल्या चिरंतन घरी परतला, अशा आशयाचा लॅटिन मृत्युलेख त्यावर कोरला आहे.

चार्नोकच्या पत्नीविषयी त्या लेखात एक शब्दही नाही. अलेक्झांडर हॅमिल्टन या दर्यावर्दी व्यापाऱ्याने १७२७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात मात्र तिची कथा येते. चितेवर चढणाऱ्या एका तरुण हिंदू विधवेला चार्नोकने शिपाई पाठवून सोडवले, तिच्याशी संसार केला आणि तिच्या मृत्यूनंतर दरवर्षी स्मृतिदिनी तिच्या थडग्यावर तो कोंबडा बळी देत असे, असे हॅमिल्टन लिहितो. ही कथा अक्षरशः खरी मानण्यास फारसा आधार नाही. हॅमिल्टनला चार्नोकविषयी ममत्व नव्हते आणि खमंग किस्स्यांचे वावडेही नव्हते. चार्नोकला तीन मुली होत्या आणि १६८९ मध्ये मद्रासला त्यांचा बाप्तिस्मा झाला, एवढे नक्की. त्यांतील मेरी ही आयरची पत्नी. तिचेही नाव बापाच्याच शिळेवर आहे.

ही शिळा काळ्या दगडाची असून ती मद्रासजवळच्या पल्लावरम येथून आणलेली आहे. १८९२ मध्ये घुमटीच्या डागडुजीच्या निमित्ताने कबर काही फूट खोल उकरण्यात आली. एका हाताचे हाड दिसताच काम थांबवून माती पुन्हा लोटण्यात आली. पुढच्याच वर्षी भूगर्भशास्त्रज्ञ टॉमस हॉलंड याने या शिळेच्या खडकाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्या प्रकारच्या खडकाला ‘चार्नोकाइट’ असे नाव दिले. दक्षिण भारतात निलगिरीपासून केरळपर्यंत हा खडक पसरला आहे आणि जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत तो याच नावाने ओळखला जातो.

इतिहासाच्या पुस्तकांत मात्र चार्नोकची जागा डळमळली. ‘कोलकात्याचा संस्थापक’ हे त्याचे बिरुद आणि २४ ऑगस्ट हा शहराचा ‘वाढदिवस’ यांना शतकानुशतके कुणी हरकत घेतली नव्हती. १९९० मध्ये शहराची त्रिशताब्दी याच हिशेबाने साजरी झाली. पुढे सावर्ण रायचौधुरी घराण्याच्या परिषदेने कलकत्ता उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने इतिहासतज्ज्ञांची समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर १६ मे २००३ रोजी निकाल दिला, की या शहराला कोणी एक संस्थापक नाही आणि त्याला जन्मदिनही नाही.

याचिका करणाऱ्यांचा दाखला साधा आणि कागदोपत्री होता. सुतानुटी, गोविंदपूर आणि कोलिकाता या तीन गावांचे हक्क कंपनीने रायचौधुरींकडून १३०० रुपयांना घेतले ते १० नोव्हेंबर १६९८ च्या दस्ताने. त्या वेळी चार्नोकला मरून जवळजवळ सहा वर्षे झाली होती आणि कंपनीचा बंगालमधील कारभार त्याचा जावई आयर पाहत होता. गावे तर त्याआधीही होती, तिथे सूत आणि कापडाचा बाजार होता, जमीनदार होते, वसुली होती. सासऱ्याची समाधी बांधणाऱ्याच्याच कारकिर्दीत जमिनीचा व्यवहार झाला आणि श्रेय मात्र समाधीतल्या माणसाच्या नावावर जमा झाले. घुमट मोठा असला की त्याच्याखालचा माणूसही मोठा वाटू लागतो, त्यातलाच हा प्रकार.

चार्नोकच्या घुमटीतच आणखी एक शिळा आहे. ती विल्यम हॅमिल्टन या शल्यवैद्याची. (वरील दर्यावर्दी हॅमिल्टन वेगळा.) कंपनीच्या शिष्टमंडळाबरोबर दिल्लीला गेलेल्या या वैद्याने बादशहा फर्रुखसियरचा आजार बरा केला. १७१७ मध्ये कंपनीला फर्मान मिळाले. वर्षाला ३००० रुपये भरून बंगालमध्ये जकातमुक्त व्यापार करण्याची आणि कोलकात्याजवळची ३८ गावे घेण्याची मुभा त्यात होती. बंगालच्या नवाबांशी कंपनीचे पुढे जे भांडण जुंपले, त्याचे एक मूळ या सवलतीच्या गैरवापरात आहे. हॅमिल्टन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारला. त्याच्या शिळेवर इंग्रजीबरोबर फारसी लेखही आहे. ही शिळा पुढे मातीखाली गेली होती. चर्चच्या बांधकामासाठी खोदाई सुरू झाली तेव्हा ती सापडली आणि चार्नोकशेजारी आणून ठेवली गेली.

विजयदुर्गाहून कोलकात्याला

मराठी वाचकाने ज्यापाशी थांबलेच पाहिजे असे थडगे म्हणजे अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसनचा उंच चौकोनी स्तंभ. कोलकात्याच्या इतिहासात वॉटसनचे नाव प्लासीच्या संदर्भात येते. कोकणच्या इतिहासात ते विजयदुर्गाच्या संदर्भात येते. विजयदुर्गाजवळच्या गिर्ये गावावरून इंग्रज त्या किल्ल्याला ‘घेरिया’ म्हणत.

कान्होजी आंग्र्यांचा मुलगा तुळाजी याने पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांच्या नाकी नऊ आणले होते. पेशव्यांनाही तो जुमानत नव्हता. नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी १७५५ मध्ये करार केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आरमार घेऊन विजयदुर्गासमोर आला. बरोबर रॉबर्ट क्लाइव्ह होता. तुळाजी त्या वेळी तहाची बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या सरदारांच्या छावणीत गेला होता. १२ फेब्रुवारीला तोफांचा भडिमार सुरू झाला. इंग्रजांकडून पूर्वी जिंकून घेतलेले ‘रिस्टोरेशन’ हे जहाज पेटले आणि त्याची आग शेजारच्या गुराबांना व गलबतांना लागली. पाहता पाहता आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून गेले. किल्ला मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून क्लाइव्हने रात्रीच माणसे उतरवली होती. दुसऱ्या दिवशी इंग्रज आत शिरले. सुमारे दहा लाख रुपयांची लूट त्यांनी आपसात वाटून घेतली. मित्र म्हणवणाऱ्या पेशव्यांच्या हाती त्यातले काही लागले नाही. किल्ला परत मिळवण्यासाठीही पेशव्यांना महिनोन्‌महिने घासाघीस करावी लागली आणि बाणकोट इंग्रजांना द्यावे लागले. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले.

घरचे भांडण मिटवण्यासाठी बाहेरच्याला बोलावून पेशव्यांनी स्वतःचाच सागरी हात तोडला, ही टीका मराठी इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे आणि ती वाजवी आहे. कोलकात्याच्या बाजूने पाहिले तर या घटनेचा आणखी एक अर्थ दिसतो. विजयदुर्गाहून मोकळे झालेले हेच आरमार आणि हेच दोघे सेनानी त्या वर्षाच्या अखेरीस मद्रासहून बंगालकडे निघाले. २ जानेवारी १७५७ रोजी त्यांनी कोलकाता परत घेतले, २३ मार्चला फ्रेंचांचे चंदननगर पाडले आणि २३ जूनला प्लासी झाली. १६ ऑगस्ट १७५७ रोजी वॉटसन तापाने वारला. त्याचे वय तेव्हा ४३ होते. विजयदुर्गाच्या आगीपासून कोलकात्याच्या या कबरीपर्यंतचे अंतर अवघ्या १८ महिन्यांचे आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये त्याचे जे भव्य स्मारक आहे, त्यावर चंदननगर आणि कोलकाता यांच्या जोडीने ‘घेरिया’ हे नावही कोरलेले आहे.

वॉटसनची एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. प्लासीच्या कटात अमीरचंद या सावकाराला फसवण्यासाठी दोन करारपत्रे तयार केली गेली, एक खरे आणि एक लाल कागदावरचे खोटे. खोट्या कागदावर सही करण्यास वॉटसनने नकार दिला. तेव्हा क्लाइव्हने त्याची सही दुसऱ्याकडून करवून घेतली, आणि पुढे ब्रिटिश पार्लमेंटच्या चौकशीत ते उघडपणे मान्यही केले.

चंदननगरच्या लढाईत एक पाय गमावून मेलेल्या विल्यम स्पीक या कोवळ्या वयाच्या नौसैनिकाची शिळाही याच आवारात आहे. त्याचा बाप त्याच लढाईत त्याच जहाजाचा कप्तान होता आणि तोही जखमी झाला होता.

चर्च येते

१७६७ मध्ये पार्क स्ट्रीटची नवी दफनभूमी सुरू झाली आणि ही जुनी जागा बंद झाली. शहरातले पहिले इंग्रज चर्च, सेंट अ‍ॅन्स, १७५६ च्या लढाईत नष्ट झाले होते. पुढची तीस वर्षे राजधानीच्या शहरात इंग्रजांना धड प्रार्थनामंदिर नव्हते. अखेर १७८३ मध्ये दफनभूमीला लागून असलेली जुन्या दारूकोठाराची जमीन शोभाबाजारचे महाराजा नवकृष्ण देव यांनी चर्चसाठी दिली. हे गृहस्थ क्लाइव्हचे फारसी मुनशी होते, कंपनीच्या उदयाबरोबर त्यांचे भाग्य उजळले होते आणि त्यांच्या वाड्यातील दुर्गापूजेला बडे इंग्रज अधिकारी हजेरी लावत. एका सनातनी हिंदू जमीनदाराने चर्चला जमीन देण्यात त्या काळी कुणाला विसंगती वाटली नाही. वर्गणी जमवली गेली, जाहीर लॉटरीही काढण्यात आली. बंगाल इंजिनीअर्सचा लेफ्टनंट जेम्स अ‍ॅग याने लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्‌सच्या धर्तीवर आराखडा केला. ६ एप्रिल १७८४ रोजी कोनशिला बसली आणि २४ जून १७८७ रोजी, सेंट जॉनच्या दिवशी, चर्चचे विधिवत उद्‌घाटन झाले. कळसाची उंची १७४ फूट. पुढे बिशपपद निर्माण झाल्यावर १८४७ मध्ये सेंट पॉल्स तयार होईपर्यंत हेच कोलकात्याचे कॅथीड्रल होते.

आतले सर्वांत मोलाचे धन म्हणजे योहान झोफनीने १७८७ मध्ये रंगवून भेट दिलेले ‘अंतिम भोजन’. लखनौच्या नवाबी दरबारात चित्रे काढून आलेल्या या चित्रकाराने येशू आणि त्याच्या शिष्यांना कोलकात्यातील ओळखीच्या माणसांचे चेहरे दिले. येशूसाठी ग्रीक धर्मगुरू फादर पार्थेनिओ बसला. कोवळ्या चेहऱ्याचा योहान म्हणजे पोलीस मॅजिस्ट्रेट ब्लॅकियर. आणि विश्वासघातकी यहुदा म्हणजे टुलो नावाचा लिलाववाला. टुलोला हा सन्मान मुळीच आवडला नाही, असे सांगतात. चित्रातील बारकावेही पाहण्याजोगे आहेत. खिळ्याला टांगलेली तलवार शिपायाची साधी तलवार आहे, पाण्याचे भांडे हिंदुस्थानी पिकदाणीवरून घेतले आहे आणि शेजारी भिस्त्याची भरलेली पखाल पडली आहे. जेरुसलेमची ती रात्र झोफनीने सरळ बंगालमध्ये आणली. दमट हवेने खराब झालेले हे चित्र २०१० मध्ये तज्ज्ञांकडून दुरुस्त करून पुन्हा लावण्यात आले.

चर्च झाले, पण दफनभूमीवर नांगर फिरला. १८०२ मध्ये मोडकळीला आलेली बरीचशी थडगी पाडण्यात आली आणि त्यांवरच्या वाचता येण्याजोग्या शिळा चार्नोकच्या घुमटीभोवती फरशीसारख्या मांडण्यात आल्या. त्यामुळे आज तिथे ज्या नावावर पाऊल पडते, त्या नावाचा माणूस त्या जागी पुरलेला असेलच असे नाही. बाहेरून आलेल्या स्मारकांची भर पडत गेली ती वेगळीच. लेडी कॅनिंगची कबर बराकपूरला आहे, पण तिच्यासाठी घडवलेले नक्षीदार संगमरवरी स्मारक तिथल्या हवेत टिकेना, म्हणून ते शेवटी या चर्चच्या देवडीत येऊन विसावले. (बंगालमधील ‘लेडिकेनी’ ही मिठाई तिच्याच नावाची.) १७९४ च्या रोहिल्ला युद्धात पडलेल्यांसाठी उभारलेली खांबांची गोल छत्री दिसायला देखणी आहे.

१७५६ चा जून

आवाराच्या एका कोपऱ्यात पांढरा संगमरवरी स्तंभ आहे. कोलकात्यात एवढा वाद दुसऱ्या कुठल्या दगडाने ओढवून घेतला नसेल. जून १७५६ मध्ये नवाब सिराजउद्दौलाने कोलकात्यावर चाल केली. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये शहराभोवती खणायला घेतलेला ‘मराठा खंदक’ अर्धवटच राहिला होता. मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत, आणि नवाब आला तेव्हा खंदकाचा उपयोग झाला नाही. २० जूनला किल्ला पडला. त्या रात्री १८ फूट लांब आणि सुमारे १५ फूट रुंद कोठडीत १४६ इंग्रज कैदी कोंडले गेले आणि सकाळपर्यंत त्यांतले १२३ गुदमरून मेले, असे वाचलेल्यांपैकी एक असलेल्या हॉलवेलने लिहिले. ‘ब्लॅक होल’ म्हणून प्रसिद्ध झालेली हीच ती घटना.

एवढ्या जागेत १४६ माणसे मावतील का, हा प्रश्न साध्या अंकगणिताचा आहे. १८९८ मध्ये अक्षयकुमार मैत्रेय यांनी आपल्या ‘सिराजद्दौला’ ग्रंथात हॉलवेलच्या कथनावर जोरदार आक्षेप घेतले. पुढे जे. एच. लिट्ल या इंग्रज अभ्यासकानेही ही सारी कथा बनावट ठरवली. १९५९ मध्ये ब्रिजेन गुप्त यांनी कागदपत्रे तपासून कैदी ६४ आणि वाचलेले २१ असावेत, असा निष्कर्ष काढला. म्हणजे माणसे मेली. आकडा फुगवला गेला. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण फुगवलेल्या आकड्यावरच नवाबाचा ‘राक्षसीपणा’ आणि कंपनीच्या बंगाल जिंकण्याचे समर्थन पुढची दीडशे वर्षे उभे राहिले.

हॉलवेलने १७६० मध्ये स्वतःच्या खर्चाने मृतांचे स्मारक बांधले होते. विटांचे ते स्मारक ढासळले आणि १८२१ मध्ये सरकारनेच पाडून टाकले. त्या वेळच्या इंग्रजांना त्याचे फारसे दुःख झाल्याचे दिसत नाही. लॉर्ड कर्झनला मात्र साम्राज्याच्या हुतात्म्यांची गरज भासली. त्याने त्याची संगमरवरी प्रतिकृती स्वखर्चाने करवून १९०२ मध्ये शहराच्या मध्यवर्ती चौकात उभी केली. वसाहतीच्या राजधानीतून रोज कचेरीला जाणाऱ्या बंगाली कारकुनाने येता-जाता आपल्या नवाबाचा अपराध वाचावा, अशी ती जागा होती.

१९४० मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी हे स्मारक हटवण्यासाठी आंदोलन पुकारले. ३ जुलै हा सिराजउद्दौला दिन म्हणून पाळायचे ठरले. एक दिवस आधीच, २ जुलैला, सुभाषबाबूंना अटक झाली. आंदोलनात हिंदू आणि मुसलमान एकत्र उतरले. त्या दशकात बंगालमध्ये असे प्रसंग फार आले नाहीत. फजलुल हक यांच्या मंत्रिमंडळाला नमते घ्यावे लागले आणि त्याच वर्षी स्तंभ चौकातून उचलून सेंट जॉन्सच्या आवारात आणला गेला. सुभाषबाबू तुरुंगातील उपोषणानंतर डिसेंबरमध्ये सुटले, आणि जानेवारी १९४१ मध्ये घरातल्या नजरकैदेतून देशाबाहेर निसटले. तो जुना चौक आज विनय, बादल आणि दिनेश या क्रांतिकारकांच्या नावाने बिबादी बाग म्हणून ओळखला जातो. स्तंभ पाडला न जाता इथे आणला गेला, हे बरेच झाले. चौकात तो एका आरोपासारखा उभा होता. इथे लोक तो थांबून तपासून पाहू शकतात.

त्याच जूनची दुसरी बाजू याच आवारातील आणखी एका थडग्यावर आहे. फ्रान्सिस जॉन्सन, कोलकात्याची ‘बेगम जॉन्सन’. १७२५ मध्ये जन्मलेल्या या बाईने चार लग्ने केली. दुसरा नवरा लग्नानंतर काही दिवसांतच देवीने गेला. तिसरा विल्यम वॉट्स कासिमबाजारच्या वखारीचा मुख्य होता आणि सिराजने कोलकात्याआधी तीच वखार घेतली. वॉट्स कैद झाला. पत्नीला आणि मुलांना मात्र नवाबाच्याच घराण्यातील स्त्रियांनी आपल्या जनानखान्यात आश्रय दिला आणि पुढे सुखरूप पोचवले. ‘बेगम’ हे टोपणनाव तिथूनच आले. कोलकात्यातील मेजवान्यांत आणि पत्त्यांच्या डावांत म्हातारपणी ती या दिवसांच्या गोष्टी रंगवून सांगत असे.

चौथा नवरा रेव्हरंड विल्यम जॉन्सन हा सेंट जॉन्स उभारण्यात पुढाकार घेणारा धर्मगुरू. १७८८ मध्ये तो इंग्लंडला परतला; बाईने त्याला वार्षिक तनखा बांधून दिला आणि स्वतः मात्र कोलकाता सोडले नाही. दफनभूमी बंद झालेली असूनही तिथेच आपल्याला जागा मिळावी, असे वचन तिने गव्हर्नर जनरल वेलस्लीकडून घेतले होते. फेब्रुवारी १८१२ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी ती वारली आणि ते वचन पाळले गेले. तिच्या थडग्यावर चारही नवऱ्यांची नावे क्रमाने कोरलेली आहेत. वॉट्सपासून झालेल्या तिच्या मुलीचा मुलगा, लॉर्ड लिव्हरपूल, त्याच वर्षीच्या जूनमध्ये इंग्लंडचा पंतप्रधान झाला आणि १८२७ पर्यंत त्या पदावर राहिला.